क्रूझ रद्द झाली, आता पैसे घ्यायचे की क्रेडिट?

सेक्रेटरी (ए-२०१): मुंबईला गेलेली आपली चारही कुटुंबं आज सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कोल्हापूरला परत आली. सगळे सुखरूप आहेत. कालपासून ज्याला त्याला वेगवेगळे फोन चाललेत, त्यापेक्षा इथंच बोलूया. पाण्याच्या टँकरचे आणि पार्किंगचे मेसेज दुपारनंतर टाका.

सी-३०४: नेमकं झालं काय ओ? बोटीला काहीतरी अपघात झाला असं खाली वॉचमन सांगत होता.

सी-२०२: अपघात वगैरे काही नाही, कृपा करून हे पुढं पसरवू नका. लक्षद्वीपची बोट निघालीच नाही. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर बॅगांना टॅग लावून त्या आत गेल्या होत्या, पोरं बोर्डिंग कार्ड गळ्यात घालून बसलेली. दुपारभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं, अरबी समुद्रात वादळ आहे, फेरी रद्द. रात्री ईमेल आला: भरलेल्या भाड्याइतकं 'फ्यूचर क्रूझ क्रेडिट', म्हणजे रोख नाही, पुढच्या फेरीला वापरायची रक्कम, वर दहा टक्के जादा, मुदत एक वर्ष. खाली हिरवं बटण, 'मी स्वीकारतो'. सात दिवसांत कळवलं नाही तर क्रेडिट मान्य आहे असं धरू, असंही लिहिलंय.

वकील वहिनी (बी-५०२): ते बटण कुणीही दाबू नका. कोर्टातून आल्यावर नीट लिहिते.

आजोबा (ए-४०१): आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलीनं तिकिटं काढली होती. हिचे गुडघे या वर्षी तरी चालतायत, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं. आम्ही क्रेडिट घेऊन काय करू? पैसे परत मिळाले तर मुलीला देऊन टाकीन.

बी-१०१: मला एक कळत नाही. मुंबईत काल चक्क ऊन होतं. विमानं चालू, लोकल चालू. मग एवढं मोठं जहाज जायला काय झालं होतं? बुकिंग कमी झालं म्हणून वादळाचं निमित्त केलं असणार.

दादा, मर्चंट नेव्ही (ए-१०३): तसं नाही ओ काका. मी सध्या सुट्टीवर घरी आहे म्हणून लिहितो. गावात लख्ख ऊन असतं आणि राधानगरीकडं धो धो पाऊस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून खूप वर जाते आणि शिरोलीजवळ हायवे बंद होतो. तेव्हा आपण म्हणतो का, की ऊन पडलंय, पोलीस उगाच अडवतायत? समुद्राचंही तसंच. वादळ किनाऱ्यापासून पाच-सातशे किलोमीटर लांब असलं तरी त्याच्या लाटा तिथून चालत येतात. किनाऱ्यावर वारा नसतो, पण उघड्या समुद्रात जहाज डोलायला लागतं.

आणि खरी अडचण बंदरातून निघताना आणि परत येताना असते. जहाज बंदरात आणायला आणि बाहेर काढायला बंदराचा पायलट लागतो. तो लहान लाँचमधून येतो आणि चालत्या जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोरीच्या शिडीवरून वर चढतो. लाँच एका लाटेवर वर जाते, दुसरीवर खाली येते. तेवढ्यात नेमक्या क्षणी शिडी पकडायची असते. लाटा वाढल्या की हे काम थांबवतात. मग जहाज कितीही मोठं असू दे, बाहेर ताटकळतं. लक्षद्वीपला तर आणखी अवघड. तिथल्या बेटांभोवतीचं लगून उथळ, मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. बाहेर उभं राहून माणसं लहान बोटींत उतरवावी लागतात. म्हातारी माणसं आणि पोरं हलत्या बोटीत उतरवायची म्हणजे गंमत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा इशारे आधीच दिलेले होते. तरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळचा पी-३०५ बार्ज (कामगारांच्या राहण्याचं तरंगतं जहाज) वेळेत सुरक्षित जागी गेला नाही, बुडाला, आणि कितीतरी कामगार गेले. आमच्या क्षेत्रात ते कुणी विसरलेलं नाही. म्हणून कॅप्टन नाही म्हणाला तर त्याला शिव्या देऊ नका. पैशांचं भांडण कंपनीशी करा, जरूर करा.

बी-१०१: हे माहीत नव्हतं. धन्यवाद दादा.

बी-३०३: माझी बहीण सांगलीची, आधीच्या फेरीला होती. त्यांची बोट निघाली, पण लक्षद्वीप गाळलं, नुसती समुद्रात फिरवली आणि मुंबईत एक दिवस उशिरा आणली. त्यांना काहीच देणार नाही म्हणतायत. त्यांचं काय?

वकील वहिनी (बी-५०२): आले. मोठं लिहितेय, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

दादांनी लिहिलंय ते आपल्या तक्रारीचा पाया आहे. फेरी रद्द का केली, हा आपला प्रश्नच नाही. वादळ कुणाची चूक नाही, त्यामुळे मनस्तापाची मोठमोठी भरपाई मागत बसू नका, त्यानं मुख्य मागणी हलकी होते. पण वादळ कंपनीची चूक नाही, तशी ती आपलीही नाही. न झालेल्या फेरीचे पैसे स्वतःकडं ठेवायला वादळ हे कारण होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यातलं कलम ५६ सांगतं की करार पाळणं अशक्य झालं की तो रद्दबातल होतो. कलम ६५ सांगतं की अशा करारापोटी ज्याच्या हातात जे पडलं, ते त्यानं परत करायचं. कंपनीच्या हातात भाडं पडलं, तेव्हा भाडं परत. क्रेडिट म्हणजे त्या पैशांऐवजी पुढं केलेला पर्याय. आवडला तर घ्या, पण तो आपल्यावर लादता येत नाही.

कंपनी तिकिटाच्या अटी दाखवेल. त्यात 'रिफंड किंवा क्रेडिट, कंपनीच्या मर्जीनुसार' असं वाक्य असू शकतं. असलं तरी लगेच हातपाय गाळू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एकतर्फी, अन्यायकारक करारालाही आव्हान देता येतं. फक्त त्या मुद्द्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडं चालत नाही, ती राज्य आयोगाकडं न्यावी लागते. म्हणून आपली तक्रार 'सेवा दिली नाही आणि पैसेही परत दिले नाहीत' अशी सरळ ठेवायची. ती कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात दाखल होते. तक्रारदार जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. अटींमध्ये 'वाद फक्त लवादाकडे' असं असेल तरी अडत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता त्यामुळं बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

बी-३०३ ताई, तुमच्या बहिणीची बाब वेगळी आहे आणि थोडी कमजोर आहे, हे स्पष्ट सांगते. त्यांना केबिन मिळाली, जेवण मिळालं, जहाज निघालं. मार्ग बदलायचा अधिकार कॅप्टनला असतो आणि तो हवाच. पण जे बंदर लागलंच नाही तिथलं बंदर शुल्क, आणि बेटावरच्या सहलीचे वेगळे भरलेले पैसे, हे दोन्ही मागता येतात. जी रक्कम कंपनीनं पुढं कुणाला दिलीच नाही ती प्रवाशाकडून कशी घेणार? बिलाची फोड त्यांना लेखी मागायला सांगा.

सी-२०२: वहिनी, आमच्या ह्यांना क्रेडिटच घ्यायचंय. दहा टक्के जादा मिळतात, दिवाळीत जाऊ म्हणतात.

वकील वहिनी (बी-५०२): घ्या की. ज्यांचं जायचं नक्की आहे त्यांना ते फायद्याचंही पडेल. पण दाबण्याआधी ईमेलवर विचारा: दिवाळी आणि नाताळच्या फेऱ्यांना क्रेडिट चालतं का? एका वर्षात बुकिंग करायचं की प्रवासही संपवायचा? कर आणि बंदर शुल्क त्यात धरलंय की फक्त मूळ भाडं? नवी फेरी स्वस्त पडली तर उरलेली रक्कम बुडते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती दुसरी फेरीही वादळानं रद्द झाली तर रोख मिळणार की पुन्हा क्रेडिट? दिवाळी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यानंतर, असे दोन्ही वेळा वादळांचे महिने असतात. हा दुसऱ्यांदा रद्द होण्याचा प्रश्न नुसता कागदावरचा नाही.

आजोबा (ए-४०१): आमचं क्रेडिट मुलीच्या नावावर करून देतील का?

वकील वहिनी (बी-५०२): ईमेलमध्ये 'हस्तांतरणीय नाही' असं लिहिलंय, आजोबा. तुमच्यासाठी रोखच मागूया. कोविडमध्ये विमान कंपन्यांनी असंच केलं होतं, पैसे न देता 'क्रेडिट शेल'. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात ठरलं की क्रेडिट ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल, दुसऱ्याच्या नावावर करता येईल, आणि वापरलं नाही तर पैसे परत द्यावे लागतील. तो निकाल विमानांच्या तिकिटांपुरता आहे, क्रूझला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी पत्रात उल्लेख करणार आहे. मुदत संपली की पैसे गडप, ही पद्धत तिथं मान्य झाली नाही, एवढं त्यातून दिसतं.

डी-१०२: आम्ही एजंटमार्फत केलं होतं. तो म्हणतो, पैसे कंपनीकडं गेले, माझ्या हातात काही नाही.

वकील वहिनी (बी-५०२): पावती कुणाच्या नावाची आहे ते बघा. पावती एजंटची असेल तर त्यालाही पत्र पाठवायचं, कंपनीलाही. दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवायचं आणि तुम्ही मधे उभं राहायचं, हे नको. त्याच्याशी संबंध चांगले असतील तर तोंडी बोला, पण पत्र चुकवू नका.

सी-२०२: मला आत्ता फोन आला होता. 'क्रूझ रिफंड विभागातून बोलतोय, लिंक पाठवली आहे, यूपीआय पिन टाका, पैसे जमा होतील.' बोट रद्द झाल्याचं त्याला कसं कळलं?

दादा, मर्चंट नेव्ही (ए-१०३): काल सगळ्यांनी चिडून सोशल मीडियावर तिकिटांचे फोटो टाकलेत, तिथून. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ताई, लिंक उघडू नका आणि नंबर ब्लॉक करा. कुणाचे पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

सेक्रेटरी (ए-२०१): हा मेसेज पिन करतोय. ज्येष्ठांच्या घरी जाऊन प्रत्यक्ष सांगा, सगळे ग्रुप बघत नाहीत.

डी-१०२: मी क्रेडिट कार्डनं भरले होते. बँकेतून काही होतं का?

वकील वहिनी (बी-५०२): होतं. 'सेवा मिळाली नाही' म्हणून बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे कार्डवरून गेलेले पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते आणि ती उलटली की बँक ऐकत नाही, त्यामुळे आजच अर्ज करा. पण एकदा क्रेडिट स्वीकारलं की बँक म्हणणार, तुमचा वाद मिटलाय. म्हणून सकाळपासून त्या बटणावर एवढा जोर देतेय. ज्यांनी प्रवास विमा काढलाय त्यांनी कंपनीकडून फेरी रद्द झाल्याचं कारणासह लेखी पत्र मागून घ्या, त्याशिवाय विमा कंपनी दावा पुढं सरकवत नाही.

बी-१०१: आणि रेल्वेचं भाडं, मुंबईतलं हॉटेल, त्याचं काय? चौघांचा तो खर्चही थोडाथोडका नाही.

वकील वहिनी (बी-५०२): इथं सगळं वेळेवर अवलंबून आहे. वादळाचा इशारा हवामान खातं बुलेटिन काढून देतं, त्यावर तारीख आणि वेळ असते. आदल्या रात्री इशारा आला होता, कंपनीला माहीत होतं, आणि तरी तुम्हाला टर्मिनलवर बोलावून बॅगा आत घेतल्या, असं निघालं तर तो खर्च मागायला बळ येतं. मला ते बुलेटिन बघायचंय. दादा, तुम्ही काढून द्याल का?

दादा, मर्चंट नेव्ही (ए-१०३): संध्याकाळपर्यंत देतो. बंदरावर कितव्या नंबरचा धोक्याचा बावटा लावायला सांगितला होता तेही त्यात असतं.

वकील वहिनी (बी-५०२): उत्तम. पत्राचा मजकूर देते, आपापली नावं आणि रक्कम घाला, आणि कंपनीच्या त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा:

'आपण दिनांक अमुक रोजीची फेरी रद्द केली. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी घेतलेल्या या निर्णयाचा आम्ही आदर करतो. आपण देऊ केलेलं क्रेडिट आम्हाला मान्य नाही. मुदतीत उत्तर न दिल्यास ते मान्य आहे असं धरण्याची आपली अटही आम्हाला मान्य नाही. कर व बंदर शुल्कासह पूर्ण रक्कम, ज्या मार्गानं भरली त्याच मार्गानं, ३० दिवसांत परत करावी. फेरी रद्द करण्याचा निर्णय किती वाजता झाला आणि प्रवाशांना किती वाजता कळवला, हेही लेखी कळवावं.'

गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, कायद्यात तसं चालत नाही. तरी सात दिवसांच्या आत उत्तर गेलेलं बरं, उद्या वाद घालायला जागा राहत नाही. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाहीच मिटलं तर तीस दिवसांनी आयोगात दाखल करू, आणि सगळ्यांची तक्रार मी विनामूल्य लिहून देईन. शेजाऱ्यांकडून फी घ्यायची नसते.

आजोबा (ए-४०१): सूनबाई, ते ईमेल वगैरे आम्हाला जमत नाही.

वकील वहिनी (बी-५०२): मी वर येते आजोबा, तुमच्याच फोनवरून पाठवू. तिकीट आणि पैसे भरल्याचा मेसेज तेवढा शोधून ठेवा. आजींना सांगा, चहा घेऊनच जाईन.

सी-२०२: आमच्या ह्यांनी वाचलं सगळं. त्या पाच प्रश्नांची उत्तरं लेखी येईपर्यंत थांबू म्हणतायत.

सेक्रेटरी (ए-२०१): ज्यांचं बुकिंग होतं त्यांनी उद्या रविवारी सकाळी दहा वाजता क्लबहाऊसला या. तिकीट, पावती, रद्द झाल्याचा ईमेल आणि टर्मिनलवरच्या बॅग टॅगचा फोटो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती आणा. झेरॉक्स मशीन ऑफिसात चालू ठेवतो. बी-३०३ ताई, तुमच्या बहिणीलाही सांगलीहून बोलावून घ्या.

बी-३०३: निघतायत सकाळच्या एसटीनं.