राजभवन म्हणजे वृद्धाश्रम? हरिभाऊ बागडेंवरून जुंपली

गोदाकाठ (नाशिकरोड)
सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक पोस्ट ढकलली. सार इतकंच: राजभवन हा नेत्यांचा वृद्धाश्रम आहे, फुलंब्रीच्या नानांना, म्हणजे हरिभाऊ बागडेंना, वयामुळे तिकीट द्यायचं नव्हतं म्हणून राज्यपाल करून जयपूरला पाठवलं, आणि ‘पेपर विकणाऱ्याला आता सलामी’. पहिली दोन वाक्यं मी गिळली. तिसऱ्याने चहा कडू झाला.

अहो, पोरवयात पेपर विकले यात हसण्यासारखं काय आहे? चित्तेपिंपळगावच्या शेतकऱ्याचं पोरगं, संघाच्या शाखेतून जनसंघात, तिथून भाजपात. 1985 ला पहिल्यांदा आमदार झाला. जिल्हा दूध संघ चालवला. युतीच्या सरकारात रोजगार हमीचं खातं सांभाळलं. 2004 आणि 2009, सलग दोनदा पडले. दोन पराभवांनंतर आपल्याकडचे पुढारी एकतर पक्ष बदलतात नाहीतर मुलाला उभं करतात. हा माणूस पुन्हा तोच मतदारसंघ पायाखाली घालत राहिला आणि 2014 ला निवडून येऊन थेट विधानसभा अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. 31 जुलै 2024 ला राजस्थानच्या राज्यपालपदाची शपथ घेतली तेव्हा वय 78. वृद्धाश्रम म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या सोसायटीच्या जिन्यात दम न लागता चढून दाखवावं.

ॲडव्होकेट_सीबीएस
भावना पोचल्या. पेपर विकण्याची टिंगल वाईटच, मान्य. मुद्दा मात्र तो नाहीच. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने सरळ सांगितलंय की राज्यपाल हा नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसलेला असावा. नानांची नेमणूक झाली त्या दिवशी ते फुलंब्रीचे विद्यमान आमदार होते. विद्यमान! आमदारकी सोडली आणि राजभवनात गेले. मधे श्वास घ्यायलाही फुरसत नाही.

गोदाकाठ
आणि हे फक्त भाजपच करतं का? वसंतदादा 1985 ला राजस्थानचेच राज्यपाल झाले, त्याआधी मुख्यमंत्री होते. दादा तर दोन वर्षांत कंटाळून परत आले. प्रतिभाताई पाटील, प्रभाताई राव, जयपूरला मराठी माणूस नवा नाही.

ॲडव्होकेट_सीबीएस
‘त्यांनीही केलं’ हा युक्तिवाद कोर्टात पहिल्या तारखेलाच उडतो. आणि 12 नोव्हेंबर 2014 विसरलात वाटतं. नाना त्याच दिवशी बिनविरोध अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर! सेना, काँग्रेस मतविभागणी मागतायत आणि इकडे ‘होय’चं बहुमत. खुर्चीवर बसल्याबसल्या पक्षाची सोय बघणारा माणूस राज्यपाल झाल्यावर काय करेल?

इंदिरानगर_मी
आपले आधीचे राज्यपाल कोश्यारी, त्यांनी काय केलं ते पाहिलंय. 2019 ची पहाटेची शपथ आठवते ना? 2023 ला सुप्रीम कोर्टाने बहुमत चाचणीवरून कानही उपटले.

गोदाकाठ
कोश्यारींचा हिशोब कोश्यारींकडे मागा. नाव एकाचं, बिल दुसऱ्याचं.

येवलेकर
मी सहसा इथे फक्त वाचतो. आज राहवलं नाही. मार्च 2017, कर्जमाफी मागणाऱ्या 19 आमदारांचं निलंबन. खुर्चीवर कोण? हेच शेतकऱ्याचं पोरगं. जूनमध्ये शेतकरी संप झाला तेव्हा आम्ही दूध रस्त्यावर ओतत होतो. माझ्या आईने त्या दिवशी पहाटे नेहमीसारख्या दोन्ही म्हशी पिळल्या, कॅन भरला, फडकं बांधलं आणि माझ्या हातात देऊन आत निघून गेली. ओतताना बघायला बाहेर आली नाही. ज्याने दूध संघ चालवला त्याला त्या कॅनची किंमत कळायला हवी होती.

गोदाकाठ
निलंबनाचा ठराव सरकारने आणला, सभागृहाने मंजूर केला. अध्यक्ष काय करणार? आणि नंतर ते मागेही घेतलं, कर्जमाफीही झाली, 34 हजार कोटींची.

येवलेकर
झाली, ऑनलाइन अर्जाच्या रांगेत उभं करून. जाऊ द्या.

कसमादेचा_माळी
दूध राहू द्या, रोजगार हमीचं कुणी बोलेना. आमच्या सटाण्याकडच्या माळावर आज जे डाळिंब दिसतं ते रोहयोच्या फळबाग योजनेतून उभं राहिलं. नाना त्या खात्याचे मंत्री होते. आमच्या वडलांनी 1996 ला मुरमाड रानात दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले. आख्खं घर राबलं. तो पैसा नसता तर त्या माळावर आजही कुसळंच असती.

पिंपळगाव_बसवंत
थांबा. फळबाग योजना 1990 ची आहे, पवारांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली. रोजगार हमी तर त्याच्याही आधीची, बहात्तरच्या दुष्काळातली, वि. स. पाग्यांची. नाना आयत्या बिळावर!

कसमादेचा_माळी
योजना कुणी आणली असं मी म्हटलं का? राबवली कुणी ते बोला. कागदावरच्या योजनेला फळं येत नाहीत.

पिंपळगाव_बसवंत
राबवली म्हणता? ऐका. आमच्या चुलत्यांनी त्याच काळात आंबा लावला. झाडं जगली तर पुढचा हप्ता. मोजायला एक साहेब आले, बांधावरून गाडीतूनच बघितलं आणि ‘निम्मी मेली’ लिहिलं. चुलते गाडीमागे पळाले. एकेका झाडाला हात लावून दाखवतो म्हणाले. साहेब म्हणे, उशीर झालाय. हप्ता आला नाही तो नाहीच. मंत्री कुणीही असो, गाडीची काच खाली होत नाही.

कसमादेचा_माळी
आंबा लावायचाच कशाला तुमच्या काळ्या जमिनीत? द्राक्षवाल्यांना सगळं सरकारने मोजून द्यावं असं वाटतं.

पिंपळगाव_बसवंत
जीभ सांभाळा. आमच्या घरात द्राक्षाची एक वेल नाही. आणि तुमच्या डाळिंबाचं तेल्या रोगाने काय केलं ते साऱ्या कसमादेने पाहिलंय.

कसमादेचा_माळी
पाहिलंय ना. वडलांनी स्वतःच्या हाताने लावलेली गणेश जातीची झाडं मी जेसीबी लावून काढली. ते ओट्यावर पाठ करून बसले होते. तेल्यावर हसू नका, भाऊ.

पिंपळगाव_बसवंत
हसलो नाही. माफ करा.

ॲडव्होकेट_सीबीएस
राज्यपालावरून निघालो, तेल्यावर पोचलो. धन्य आहे. कुणी मूळ मुद्द्यावर बोलेल का? उदयपूरला जाऊन जोधा-अकबराचं लग्न झालंच नाही असं सांगणं हे राज्यपालाचं काम आहे का?

म्हसरूळ_मास्तर
एक गंमत सांगतो. राजस्थानात आपण ज्याला कुलगुरू म्हणतो त्याला आजवर कुलपती म्हणायचे. नाना तिकडे राज्यपाल झाल्यानंतर, 2025 ला तिथल्या विधानसभेने कायदा बदलून तो शब्द कुलगुरू केला. म्हणजे आपला शब्द तिकडे पोचला. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, हे आम्हा नाशिककरांना वेगळं सांगायला नको. मुक्त आणि आरोग्य, दोन्ही विद्यापीठं आपल्याच दारात.

ॲडव्होकेट_सीबीएस
शब्द बदलला, वा. आता नेमणुकीची पद्धतही बदलली तर मी स्वतः फेटा घेऊन जयपूरला जाईन.

गोदाकाठ
बरं वकीलसाहेब, आमदारकी सोडून थेट राजभवनात जाणं मलाही खटकलं. मधे दोन-चार वर्षं जायला हवी होती. पण 78 व्या वर्षी थांबायला सांगणार कुणाला, हाही प्रश्नच. आवाजी मतदानात मात्र नानांचं काही चुकलं असं मी मानत नाही, तिथून हलणार नाही.

ॲडव्होकेट_सीबीएस
हलू नका. नोंद घेतली.

येवलेकर
@कसमादेचा_माळी, जेसीबी लावल्यावर त्या रानात आता काय आहे?

कसमादेचा_माळी
दोन वर्षं तसंच ठेवलं. मग परत डाळिंबच, भगवा जातीचं. वडील म्हणाले खड्डे तेच ठेव.