चिकाचा हलवा करायचाय : पावसाळी हवेत गहू आंबू नयेत म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात असतो. आमचं नवं वर्ष, रोश हशाना, यंदा (२०२६) ११ सप्टेंबरला शुक्रवारी संध्याकाळी लागतंय. घरातली जुनी माणसं याला नव्याचा सण म्हणतात. सफरचंद-मध, डाळिंब, खजूर हे असतंच, पण आमच्याकडे सणाचा खरा मान चिकाच्या हलव्याला. आजवर तो आत्या करायची. ती आता लेकीकडे इस्रायलमध्ये अश्दोदला राहते, म्हणून या वर्षी मी करणार आहे.

इथे विचारतेय कारण या हलव्याचं अर्धं काम कुरडयांचंच आहे. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक पिळायचा, गाळायचा, रात्रभर ठेवून वरची निवळ ओतून टाकायची. तुमच्यातल्या कितीतरी जणींचा यात हात बसलेला असेल. पुढे चिकात नारळाचं दूध, साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर न थांबता ढवळायचं. गोळा कडेने सुटू लागला की वेलची, थोडा गुलाबी रंग, मग ताटात थापून वर बदाम-पिस्ते. गार झाला की वड्या पाडायच्या. हल्ली बरेच जण चायना ग्रास आणि कॉर्नफ्लॉवर घालून झटपट करतात. तोही बरा लागतो, पण चिकाच्या हलव्याचा लवचिकपणा त्याला येत नाही. मला चिकाचाच हवा आहे.

अडचण हवेची आहे. कुरडया तुम्ही भर उन्हाळ्यात करता, आमचा सण येतो पावसाच्या शेवटाला. शिवाय कुरडईला किंचित आंबटपणा खपून जातो, नारळाच्या दुधात तो लगेच जाणवतो. आत्या म्हणते, “तीन दिवस, पण दिवस मोजू नको, दाणा दाबून बघ. पांढरं दूध सुटलं की झालं.” तेवढ्या वेळात वास येऊ नये म्हणून पाणी दिवसातून दोनदा बदलणं पुरतं का? की रात्री गहू फ्रिजमध्ये ठेवायचे? फ्रिजमध्ये दाणा नीट फुलतो का?

दुसरं, यंदा सणाचा पहिला दिवस शब्बाथच, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, आहे. शुक्रवारी सूर्यास्तानंतर चूल पेटवायची नाही, तेव्हा मटण, मासे, चवळी सगळं दुपारपर्यंत तयार हवं. त्या गडबडीत हलवा ढवळत बसणं जमणार नाही, तो गुरुवारीच उरकायचा आहे. मग बुधवारी चीक काढून एक रात्र निवळायला फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल ना? की आधीच काढून, वाळवून गव्हाचं सत्त्व करून ठेवणं बरं? सत्त्वाचा हलवा कोणी केला असेल तर पोत कसा येतो तेही सांगा.

आणि १ किलो गव्हाचा घट्ट चीक साधारण किती वाट्या निघतो? आत्याचं सगळं माप तिच्या जुन्या पातेल्यावर, आणि ते पातेलं आता घरात नाही. चिकाचा अंदाज आला की नारळ किती आणायचे ते ठरवता येईल. गहू लोकवन घेऊ की दुसरा कुठला?

एक विनंती. दूध किंवा तूप घालायला कृपया सुचवू नका. सणाच्या जेवणात मटण असतं आणि आमच्यात मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. हलव्यात नारळाचं दूध असतं ते त्यासाठीच. ताटालाही मी तेलाचाच हात लावणार आहे.

रायगड-रत्नागिरीकडे ओल्या हवेत ज्यांनी चीक काढलाय त्यांनी तर जरूर लिहा. रविवारी, ६ तारखेला गहू भिजत घालायचा विचार आहे.