मदत हवी आहे: पद्मिनी गरम झाली की बंद पडते

मंडळी, काकांची ८६ची प्रीमियर पद्मिनी घरीच नीट करतोय. टाकीत गंज होता, व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून खळखळवून साफ केली, मग फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटला, तोही बदलला. आता सकाळी एका सेल्फला सुरू होते पण दुपारी सिग्नलला थांबलं की बंद, पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबलं की परत चालू, म्हणजे व्हेपर लॉकच (गरमीने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो तो) ना? मेकॅनिक म्हणतो इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप टाकू, पण एवढं प्रेशर कार्बोरेटरला कसं झेपणार! ३ पीएसआय (प्रेशरचं माप) च्या आसपासचा इलेक्ट्रिक पंप कुणी बसवलाय का? टाकीजवळ लावू की इंजिनपाशी? आणि इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकणारे रबरी पाइप पुण्यात कुठे मिळतील?