राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निद्रानाश स्वतंत्रपणे मोजावा का?

अनुजा (धागा)
बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण माझा आक्षेप वेगळा आहे. त्यात निद्रानाश स्वतंत्र विकार म्हणून मोजलाच गेला नाही. नैराश्याच्या प्रश्नांत झोपेची चौकशी येते, तेवढीच. माझी आई कित्येक वर्षे रात्री अडीचला उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसत असे. अल्प्राझोलम या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यामागे असायची आणि अर्ध्या गोळीची एक कधी झाली, हे घरात कोणाच्या लक्षातही आले नाही. नैराश्याचे निदान फार उशिरा झाले. दीर्घकाळ झोप न लागणाऱ्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका अधिक असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले असताना ही मोजणी टाळणे मला गैर वाटते.

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी
मी असहमत आहे. त्याच सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, तरी माझ्या केंद्रातून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलेला रुग्ण एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करून दुसऱ्या खेपेला जातच नाही. आणखी एक टक्केवारी हाती आल्याने त्याचे काय भले होणार? शिवाय झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराचे पक्के निदान झोपेची तपासणी केल्याशिवाय होत नाही. ते घरोघरी जाऊन कसे करणार?

अनुजा
श्वासाच्या विकाराबाबत आपले म्हणणे मान्य आहे. निद्रानाशाला मात्र यंत्र लागत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने झोप नीट न लागणे आणि दिवसा त्याचा त्रास होणे, हे विचारूनच कळते.

समुपदेशक, परळ
मोजणी हवी, पण उपचारांवरचे संशोधन त्याहून निकडीचे आहे. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, तर झोपेच्या सवयी बदलणारा वर्तनोपचार असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. त्यातला एक नियम असा, की झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत जावे. माझ्याकडे येणाऱ्या एका बाई दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांसह राहतात, त्यांनी मला विचारले, "ताई, दुसरी खोली कुठली?" शेवटी दाराशी पाट टाकून बसायचे ठरले आणि झोपेच्या वहीत रोजची वेळ लिहायची. हा बदल किती जणांना लागू पडतो, हे इथेच तपासावे लागेल.

ग्रामीण वैद्यकीय अधिकारी
असे असेल तर माझा विरोध थोडा सौम्य करतो. दोन-तीन प्रश्न आशाताई विचारू शकतील. मात्र होकार आल्यावर रुग्णाला कोणाकडे पाठवायचे, ते नाव त्याच कागदावर छापलेले असले पाहिजे.