मदत हवी आहे: सोसायटीचं पावसाचं पाणी रामनदीत जाण्याआधी गाळायचंय

मंडळी, आमची सोसायटी पुण्यात बावधनला. पार्किंग आणि लॉनवरचं पावसाचं पाणी गटारातून ओढ्यात, ओढ्यातून रामनदीत आणि पुढे पाषाण तलावात जातं. तलावात जलपर्णी माजली की सगळे सांडपाण्याच्या नावाने बोटं मोडतात. मोठा दोष त्याचाच, मान्य. पण गेल्या मेअखेरीस माळीदादांनी लॉनवर डीएपी, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेलं दाणेदार खत फेकलं आणि त्याच संध्याकाळी वळीव कोसळला. सकाळी गटाराच्या जाळीशी अर्धवट विरघळलेले करडे दाणे! म्हणजे जलपर्णीच्या पंगतीत वाढपी आम्हीही.

कंपाउंडलगत १८ मीटर लांब, दीड मीटर रुंद पट्टा मोकळा आहे. तिथे चर खणून खाली खडी, वर माती, त्यात कर्दळ आणि वाळा लावायचा बेत आहे. नमुन्यादाखल एक खड्डा केला, निम्मी काळी माती, निम्मं शेणखत. पाणी तीन दिवस तुंबलं (डासांवरून मीटिंगमध्ये माझी यथेच्छ पूजा झाली) आणि खालच्या पाइपातून चहासारखं पाणी आलं. भर कशाची घालू? नत्र आणि स्फुरद दोन्ही अडेल का?

प्रतिसाद:
आधी ते शेणखत उपसा. त्यातलंच स्फुरद धुऊन बाहेर येतंय, उलटाच कारभार. काळी माती भिजली की फुगते, पाणी उतरू देत नाही. जाड वाळू जास्त आणि माती थोडी घ्या. वरचं पाणी दिवसभरात जिरलंच पाहिजे.
स्फुरद बरंचसं मातीच्या कणांना चिकटून येतं. तोंडाशी उथळ गाळखड्डा ठेवा, पावसाळ्याआधी उपसा. नत्र मात्र बरंचसं नायट्रेटच्या रूपात विरघळलेलं, वाळूतून सरळ पार होतं. म्हणून तळाची खडी कायम बुडालेली हवी. बाहेर जाणाऱ्या पाइपाला वर वळवलेला एल्बो (काटकोनी जोड) लावा, म्हणजे पाणी त्या उंचीपर्यंत साठून राहील, खडीत लाकडाच्या ढलप्या मिसळा. तिथे हवा नसली की जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. हे पाणी खडीच्या आत, डासांना तिथे अंडी घालता येत नाहीत. कर्दळ वेळोवेळी कापून बाहेर न्या. तिथेच कुजली तर शोषलेलं सगळं परत पाण्यात. आणि आभाळ भरलेलं असताना खत टाकू नका, याला तर खर्चही नाही.

धागाकर्ता:
उद्याच उपसायला लावतो. ढलप्यांऐवजी सुताराकडचा प्लायचा भुसा चालेल का? फुकट मिळतोय.

प्रतिसाद:
नको, त्यात गोंद असतो. वखारीत साध्या लाकडाच्या ढलप्या मिळतील, पोतंभर आणून बघा.