रायझोबियम लावूनही गाठी का येत नाहीत?

हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) चोळूनही फरक दिसला नाही, असा अनुभव एका शेतकऱ्याने कळवला आहे. त्याबाबत पहिला प्रश्न असा की, पाकीट कोणत्या पिकाचे होते? सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू हरभऱ्याच्या उपयोगाचे नसतात; हरभऱ्याला त्याच्याच गटाचे संवर्धक (पाकिटात मिळणारे जिवाणूंचे तयार मिश्रण) लागते. दुसरे म्हणजे, बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी करून बियाणे सुकल्यावर, अगदी शेवटी, साधारण 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून हलक्या हाताने चोळावे आणि सावलीत सुकवून लगेच पेरावे. पाकीट उन्हात राहिले असेल, तर त्यातले जिवाणू आधीच मेलेले असतात, आणि माझ्या मते बहुतेक अपयशाचे मूळ या साठवणुकीतच आहे.

परीक्षा मात्र उत्पन्नावरून नव्हे, मुळांवरून करावी. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी रोप ओढून न उपटता खुरप्याने मातीसकट उचलावे, कारण ओढल्यास गाठी तुटून जमिनीतच राहतात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-लालसर दिसली, तर तो लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल द्रव्याचा रंग असतो आणि नत्र स्थिर होत असल्याची ती खूण आहे. पांढरट किंवा हिरवट गाठी कामाच्या नसतात. गाठी असूनही गुलाबी नसतील, तर युरियाची मात्रा किती दिली होती, हेही कृपया कळवावे, कारण खतातून जास्त नत्र मिळाल्यास गाठींचे काम मंदावते.