मदत हवी आहे: स्लॅकचे बाकी सगळे मेसेज गप्प, फक्त एकच चॅनल वाजायला हवा

आमच्या टीमचं सगळं स्लॅकवर (ऑफिसच्या चॅटचं अॅप) चालतं, मी तीसेक चॅनलमध्ये आहे आणि दिवसभर नुसतं टिंग टिंग. काल दोन ओळींचा बग शोधताना मधे अकरा वेळा स्क्रीनच्या कोपऱ्यात पॉपअप आला, त्यातले नऊ कुणाच्या तरी मेसेजवर सगळ्यांना अॅट चॅनल लावून 'धन्यवाद' म्हणणारे (हे लोक मेल पण रिप्लाय ऑलच करत असणार).

करून बघितलेलं सांगतो. गप्पांचे चॅनल म्यूट केले, पण कामाचे करता येत नाहीत कारण त्यात माझं नाव न घेता पण काम माझंच असं बरंच येतं. मग माझ्या मॉड्यूलचं (माझ्याकडच्या कोडच्या भागाचं) नाव कीवर्ड म्हणून टाकलं, म्हणजे तो शब्द आला की वाजेल, तर ते नाव दर दुसऱ्या मेसेजमध्ये असतं, त्रास उलट वाढला. दोन तास डू नॉट डिस्टर्ब ठेवलं तेव्हा नेमका प्रॉडक्शनचा (चालू सिस्टीमचा) अलर्ट आला आणि मला चाळीस मिनिटांनी कळलं, मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

लॅपटॉप ऑफिसचा विंडोजवाला, त्यावर बाहेरचं काही इन्स्टॉल करता येत नाही, फोन अँड्रॉइड. अॅडमिन मी नाही, चॅनल सोडायची पण सोय नाही. अलर्ट बॉट टाकतो, माणूस नाही, त्यामुळे 'अर्जंट असेल तर फोन कर' हा सल्ला कृपया नको.

तर डू नॉट डिस्टर्ब चालू असताना फक्त त्या एका अलर्टच्या चॅनलचा आवाज फोनवर यावा असं कुणी सेट केलंय का, आणि नेमकं कुठल्या सेटिंगमधून?